झायनचा रानवाटाणा आणि नकाशावरचे ठिपके

अमेरिकेतल्या यूटा राज्याच्या दक्षिण टोकाला, झायन नॅशनल पार्कच्या आजूबाजूला वाळूच्या जमिनीत एक रानवाटाणा येतो. शास्त्रीय नाव लॅथायरस ब्रॅकिकॅलिक्स, त्यातला झायोनिस हा प्रकार, आणि तिकडचे लोक त्याला सरळ झायन स्वीट पी म्हणतात. बागेत लावतात तो स्वीट पी आणि आपली लाखेची डाळ, दोन्ही याच लॅथायरसच्या खानदानातले, जगभरात मिळून साधारण १६० जाती आहेत. हा झायनवाला तसा छोटाच, शेजारच्या झुडपाच्या आधाराने थोडा वर चढतो, पानं अरुंद, पानाच्या टोकाला ताणे, आणि वसंतात गुलाबी-जांभळी फुलं येतात जी जुनी व्हायला लागली की निळसर पडतात. उन्हाळा तापला की जमिनीवरचा सगळा भाग वाळून जातो, जिवंत राहतं ते फक्त जमिनीखालचं खोड. त्यामुळे एप्रिलमध्ये जिथे पाय जपून टाकावा लागतो तिथेच ऑगस्टमध्ये गेलात तर इथे असलं काही उगवतच नाही असं तुम्ही शपथेवर सांगाल.

मी गेली काही वर्षं यूटामधल्या एका युनिव्हर्सिटीच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेली झाडं जपून ठेवतात त्या संग्रहात, व्हॉलंटियर म्हणून जाते. जुन्या शीटांचे, म्हणजे वाळवलेलं झाड आणि त्याचं लेबल चिकटवलेल्या कागदांचे फोटो काढायचे, लेबलवर जे जे लिहिलंय ते सगळं कॉम्प्युटरवर टाइप करायचं, आणि ती जागा नकाशावर बसवायची, असं काम आहे. सध्या शेंगवाल्या झाडांची कपाटं चालू आहेत म्हणून हा वाटाणा माझ्या वाट्याला आला आणि मी त्यात पार अडकले. आमचा डेटा पुढे साइनेट नावाच्या पोर्टलवर जातो, तिथे ॲरिझोना, न्यू मेक्सिको, यूटा अशा कितीतरी ठिकाणच्या हर्बेरियमची शीटं एकत्र शोधता येतात, फुकट, कोणालाही. नाव टाका, मॅपवर क्लिक करा, ठिपके हजर. आणि मला आज जे मनापासून सांगायचंय ते या ठिपक्यांबद्दलच आहे, कारण ते बघून लोक पटकन म्हणतात की बघा, इथे इथे हा वाटाणा आहे आणि इथे नाही. ठिपका खरं तर एवढंच सांगतो की त्या दिवशी तिथे एक माणूस गेला होता, त्याच्याकडे झाडं दाबून वाळवायची प्रेस होती, उचलायची परवानगी होती, त्याला हे झाड दिसलं आणि ते वाळवून ठेवावंसं वाटलं. यातलं एक जरी कमी पडलं असतं तरी ठिपका पडला नसता, वाटाणा तिथे ढिगाने असता तरीसुद्धा.

कॅनियनच्या मुलुखात हे जास्तच खरं आहे कारण तिथे तुम्ही मनात येईल तिकडे जाऊच शकत नाही. समोर अर्धा किलोमीटरवर दिसणारी जागा गाठायला कधी कधी दोन दिवसांचा वळसा पडतो. मग माणसं जिथून जाता येतं तिथून जातात, आणि झाडं गोळा करणारेही माणसंच. झायनमध्ये १९३० साली झायन-माउंट कार्मेल रस्ता आणि डोंगर फोडून काढलेला एक मैलाहून लांब बोगदा सुरू झाला, त्याच्या आधी पार्कच्या पूर्वेकडचा तो उंचावरचा खडकाळ भाग गाठणं म्हणजे मोठंच काम होतं, आणि आता तिथे गाडी कडेला लावून पाच मिनिटांत फुलं बघता येतात. एस्कलांटेच्या पलीकडच्या बोल्डर गावात १९३० च्या दशकापर्यंत टपाल खेचरांवरून यायचं. मोआबच्या बाजूला १९५० च्या दशकात युरेनियमची लाट आली आणि खाणी शोधायला म्हणून कड्यांवरून रस्ते कोरले गेले, व्हाइट रिमचा रस्ता त्यातलाच, आणि मग त्याच रस्त्यांनी जीप घेऊन बॉटनीवाले गेले. म्हणून मी हल्ली कुठलाही ठिपक्यांचा नकाशा आला की आधी त्याच्यावर रस्ते आणि नदी टाकून बघते, आणि शीटांची साल लावून बघते, त्याशिवाय त्यावर बोलायचंच नाही असं ठरवलंय.

रस्ते नव्हते तेव्हा गेले त्यांची गोष्ट वेगळी. एलन पॉवेल थॉम्पसन या बाई १८७२ साली कॅनॅबच्या आसपास झाडं गोळा करत होत्या, त्यांचा भाऊ जॉन वेस्ली पॉवेल, ज्याने कोलोरॅडो नदीतून होड्या नेल्या, आणि नवरा आल्मन थॉम्पसन पॉवेलच्याच सर्व्हेत नकाशे करणारा. त्याच १८७२ मध्ये आल्मनच्या तुकडीने एस्कलांटे नदी नकाशावर आणली, अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या अगदी शेवटी नकाशात आलेल्या नद्यांपैकी ती एक. एलनबाईंनी पाठवलेल्या झाडांमधून वनस्पतिशास्त्रज्ञ सेरेनो वॉटसन यांनी १८७३ मध्ये पीटेरिया थॉम्पसोनी ही जात वर्णन केली, तीही शेंगवालीच, आपल्या वाटाण्याची लांबची नातेवाईक. मग १८७४ ला झाडं गोळा करायला चार्ल्स पॅरी यूटातल्या सेंट जॉर्जला आले. १८९२ मध्ये ॲलिस ईस्टवुड घोड्यावरून रेल्वे स्टेशनपासून निघून पार आग्नेय यूटा ओलांडून कोलोरॅडोतल्या मॅन्कोसपर्यंत गेल्या, सोबत ॲल वेदरिल. मार्कस जोन्स तर सॉल्ट लेकला राहून कित्येक वर्षं हा सगळा मुलुख पालथा घालत होते आणि स्वतःचे शोध स्वतःच्याच खर्चाने छापत होते. १९३८ मध्ये एल्झाडा क्लोव्हर आणि लोइस जॉटर या दोघी होड्यांतून ग्रीन रिव्हरपासून थेट लेक मीडपर्यंत गेल्या, पेपरवाल्यांना फक्त बायका नदीत उतरल्या याचंच कौतुक, पण या दोघी त्या धबधब्यांच्या मधल्या मुक्कामांमध्ये झाडं दाबून वाळवत होत्या आणि १९४४ मध्ये त्यांनी त्या कॅनियनची वनस्पतींची यादी छापली. ओली होडी, ओले कागद, आणि त्यातून सुकलेलं झाड नीट परत आणायचं, हे मला विचार केला तरी धडकी भरवतं.

यांच्या काळातल्या शीटांचं लेबल वाचणं हे एक वेगळंच काम आहे. कधी नुसतं दक्षिण यूटा आणि साल, एवढंच. दक्षिण यूटा म्हणजे कुठे? मग तो माणूस त्या महिन्यात कुठे कुठे होता ते त्याच्या बाकीच्या शीटांच्या नंबरांवरून लावत बसायचं, कारण बहुतेक कलेक्टर आपल्या नमुन्यांना ओळीने नंबर देतात, त्यामुळे आधीचा नंबर एका गावाचा आणि नंतरचा पुढच्या गावाचा असेल तर हा मधला कुठेतरी वाटेतला. शिवाय जागांची नावं बदललीत. १९१८ च्या आधी झायनचं सरकारी नाव मुकुंटुवीप होतं, १९०९ ला त्या नावाने नॅशनल मॉन्युमेंट झालं आणि १९१९ ला झायन नॅशनल पार्क. मोआबपाशी वाहते ती कोलोरॅडो नदी १९२१ पर्यंत ग्रँड रिव्हर होती, त्यामुळे लेबलवर ग्रँड रिव्हर बघून कोणी ग्रँड कॅनियनला ठिपका टाकला तर तो शेकडो किलोमीटर चुकला. ग्रँड कॅनियनच्या उत्तरेकडच्या कैबाब पठाराला जुने लोक बकस्किन माउंटन म्हणायचे. हे सगळं माहीत असलेली माणसं हर्बेरियममध्ये आता थोडी उरलीत आणि त्यांच्या डोक्यातलं काढून घेऊन रेकॉर्डमध्ये लिहून ठेवणं मला शीटांचे फोटो काढण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

विसाव्या शतकातल्या लेबलांवर मग टाउनशिप आणि रेंज यायला लागतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यूटाची जवळजवळ सगळी जमीन सॉल्ट लेक सिटीच्या मधोमध टेम्पल स्क्वेअरच्या कोपऱ्यावरच्या एका खुणेपासून मोजलेली आहे. तिथून दक्षिणेला सहा सहा मैलांच्या ओळी म्हणजे टाउनशिप, पश्चिमेला नाहीतर पूर्वेला सहा सहा मैलांचे रकाने म्हणजे रेंज, आणि अशा प्रत्येक चौकोनाचे ३६ तुकडे म्हणजे सेक्शन, एकेक सेक्शन एक चौरस मैल. सेक्शन एक ईशान्येच्या कोपऱ्यात, तिथून डावीकडे सहापर्यंत, मग खालच्या ओळीत उलटं उजवीकडे, असं करत आग्नेय कोपऱ्यात ३६. तर लेबलवर टाउनशिप ४१ दक्षिण, रेंज १० पश्चिम असं दिसलं की गणित सोपं आहे, खुणेपासून २४० मैलांच्या थोडं पुढे दक्षिणेला आणि साधारण ५५-६० मैल पश्चिमेला, म्हणजे झायनच्या दाराशी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला, एका ओळीत आख्खा पत्ता, गाव नाही, रस्ता नाही, तरी पोचता येतं.

पण पोचता येतं कितपत? नुसतं सेक्शन दिलं असेल तर आपण ठिपका सेक्शनच्या मध्यावर टाकतो, आणि मध्यापासून कोपरा सव्वा किलोमीटरच्या आत येतो, म्हणून अनिश्चिततेचा आकडा तेवढा लिहायचा. फक्त टाउनशिप असेल तर तोच आकडा जवळपास सात किलोमीटर होतो. सपाट गव्हाच्या शेतात सव्वा किलोमीटरने काही बिघडत नाही. झायनमध्ये मात्र तेवढ्याच वर्तुळात कॅनियनचा तळ पण येतो आणि वरचं पठार पण येतं, मध्ये दोन हजार फुटांची उभी भिंत. खाली नदीकाठी कॉटनवुड, वर पिन्यन आणि जुनिपर, आणि ६०० मीटर चढलं की हवा साधारण चार अंशांनी गार. आता कोणी हे ठिपके घेऊन कॉम्प्युटरला विचारलं की या वाटाण्याला कुठलं हवामान लागतं, आणि ठिपका भिंतीच्या चुकीच्या बाजूला असेल, तर उत्तर काय येणार? म्हणून लेबलवर उंची लिहिलेली असेल तर ती माझ्या लेखी अक्षांश-रेखांशापेक्षा जास्त मोलाची. चार हजार तीनशे फूट असं लिहिलंय म्हटल्यावर पठाराचा प्रश्नच मिटतो, वर्तुळातला फक्त तळाचा भाग उरतो. तशीच दगडाची नोंद. नाव्हाहो सँडस्टोन सच्छिद्र आहे, पावसाचं पाणी त्यातून झिरपत झिरपत खाली येतं आणि खालच्या कायेंटा थरापाशी अडून कड्यातून बाहेर पडतं, झायनचा वीपिंग रॉक म्हणजे तेच. लेबलवर कोणी या दोन थरांच्या सांध्याखालची ओलसर वाळू असं लिहिलं असेल तर तो कलेक्टर ग्रेट, कारण तो सांधा भूगर्भाच्या नकाशावर रेघेसारखा दिसतो आणि मग वर्तुळाची गरजच नाही, त्या रेघेवर जायचं.

अजून एक गोष्ट जी नकाशा बघणाऱ्याला दिसत नाही ती म्हणजे डुप्लिकेट. कलेक्टर एका जागी एकाच वेळी पाच-सहा फांद्या घेतो, सगळ्यांना एकच नंबर, आणि एक स्वतःच्या संस्थेत ठेवून बाकीच्या प्रोव्हो, लोगन, न्यूयॉर्क, फ्लॅगस्टाफ अशा वाटून टाकतो. हे फार शहाणपणाचं आहे, एका इमारतीला आग लागली तरी बाकीच्या वाचतात. पण नंतर प्रत्येक हर्बेरियममध्ये कोणीतरी वेगवेगळं बसून तीच जागा नकाशावर लावतं, एक सेक्शनचा मध्य घेतो, दुसरा रस्त्याचा फाटा घेतो, तिसरा जुन्या टोपो नकाशावरून वाचतो आणि त्या नकाशाचा डेटम, म्हणजे मोजणीचा पाया, १९२७ चा असतो, जो आताच्या जीपीएसच्या तुलनेत यूटीएमच्या, म्हणजे मीटरमध्ये जागा सांगायच्या पद्धतीच्या, आकड्यात दोनशे मीटरच्या आसपास सरकतो. झालं, एका सकाळी एका माणसाने उचललेल्या एका वाटाण्याचे चार ठिकाणी चार ठिपके. आणि ते बघून वाटतं की इथे भरपूर आहे. मी एक्सेलमध्ये कलेक्टर आणि नंबर यांवर सॉर्ट करते तेव्हा ती यादी जी आकसते ना, ती बघण्यासारखी असते.

आता नावाचं. पेर ॲक्सेल रिडबर्ग, जन्माने स्वीडिश, न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनचे क्युरेटर, यांनी १९०७ साली लॅथायरस ब्रॅकिकॅलिक्स ही जात छापली. मग १९५२ मध्ये सिॲटलच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या चार्ल्स लिओ हिचकॉक यांनी उत्तर अमेरिकेतल्या सगळ्या लॅथायरसचा नव्याने आढावा घेतला आणि झायनकडचा वाटाणा वेगळा काढून त्याला लॅथायरस झायोनिस अशी स्वतंत्र जात म्हणून मान दिला. नंतर यूटाच्या वनस्पतींचे मोठे अभ्यासक स्टॅनली वेल्श यांनी तो परत ब्रॅकिकॅलिक्सच्या आत आणला, त्यातला एक प्रकार म्हणून. म्हणजे एकाच झाडाला वेगवेगळ्या दशकांत वेगवेगळी नावं, आणि यात कोणी कोणाचं चुकवलं असं नाही, पानाची रुंदी, लव, ताणे, फुलाचा आकार ही लक्षणं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना एकमेकांत मिसळतात, रेघ कुठे मारायची हा अभ्यासकाचा निर्णय असतो.

इथेच शीटचं खरं मोल कळतं. समजा १९३५ साली कोणी झायनमध्ये फिरून वनस्पतींची नुसती यादी केली आणि त्यात लॅथायरस एवढं लिहिलं. १९५२ नंतर त्या यादीचं काय करायचं? काहीच नाही, कुठला लॅथायरस ते आता कोणालाच सांगता येणार नाही. पण त्याच वर्षी कोणी एक फांदी वाळवून कागदावर चिकटवली असेल तर पुढच्या कोणालाही कपाट उघडून, झाड बघून, नवीन नावाची चिठ्ठी लावता येते. जुनी चिठ्ठी काढत नाहीत, तिच्या वर किंवा शेजारी नवीन लावतात, सही आणि साल घालून. मी पोर्टलवरचं रेकॉर्ड बघताना पहिली हीच चिठ्ठी शोधते, कोणी ओळखलं आणि कधी ओळखलं. १९४० ची ओळख असेल आणि त्यानंतर कोणीच हात लावला नसेल तर ते नाव म्हणजे त्या काळचं मत, एवढंच.

मध्यंतरी माझ्यापुढे आलेली एक शीट सांगते. टाइपरायटरचं लेबल, १९३० च्या दशकातलं, कागद कडेने पिवळा. झाड दोन तुकड्यांत, मूळ नाही, पांढऱ्या कापडी टेपने बांधलेलं. फुलांचा रंग पार गेलेला, चहाच्या डागासारखा तपकिरी, फक्त एका फुलाच्या मोठ्या पाकळीच्या दुमडीत, जिथे उजेड पोचला नाही तिथे, निळ्याची एक बारीक कड शिल्लक. लेबलवर रंगाचा उल्लेखच नाही, त्यामुळे ती कड हाच पुरावा. उजवीकडे वर कागदाची घडी घालून केलेलं पाकीट, त्यात दोन शेंगा आणि गळालेली फुलं, आणि एका शेंगेला सुईने पाडल्यासारखं गोल भोक, दाण्यातून किडा बाहेर पडला त्याचं. लेबल म्हणतं व्हिसिया. व्हिसिया म्हणजे या वाटाण्याचं चुलत घराणं, पानं बघून दोघांत फरक करणं कठीण. आमच्या क्युरेटर बाईंनी पाकिटातलं एक गळकं फूल चिमट्याने उचललं, साबण घातलेल्या कोमट पाण्यात सोडलं, आणि थोड्या वेळाने ते मऊ झाल्यावर मायक्रोस्कोपखाली दोन सुयांनी पाकळ्या बाजूला केल्या. आत पुंकेसरांची नळी, ती चिरली की बीजकोश, आणि त्याच्या टोकाला वर वळलेली दांडी. व्हिसियात त्या दांडीच्या टोकाशी केसांचा झुपका असतो, लॅथायरसमध्ये दांडी चपटी आणि केस फक्त आतल्या एका बाजूने, दात घासायच्या ब्रशसारखे. दिसलं. इतक्या वर्षांनंतर, एवढ्याशा कोरड्या फुलात, एकेक केस मोजता येईल असा. बाईंनी चिठ्ठी लिहिली, साल घातलं, आणि त्या शीटने एका जातीच्या फोल्डरमधून दुसऱ्या जातीच्या फोल्डरमध्ये घर बदललं. पोर्टलवर त्या दिवशी एक ठिपका एका नकाशावरून नाहीसा झाला आणि दुसऱ्या नकाशावर उगवला, आणि त्यातून जो काही प्रसाराचा नकाशा पुढे कोणी काढेल त्यात तो बरोबर जागी असेल.

माझा एक ट्रेकिंगवाला मित्र मला म्हणतो, अगं आता फोनने फोटो काढला की ॲप नाव सांगतं, मग झाडं उपटून वाळवायची कशाला? त्याचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि फोटोंचा उपयोग मी रोज बघते, रंग फोटोत राहतो, जागा जीपीएसने नेमकी येते, आणि पार्कमध्ये तर सामान्य माणसाने काही तोडायचंच नाही, संशोधकालासुद्धा पार्क सर्व्हिसची लेखी परवानगी लागते आणि तो नमुना नंतर कुठल्याही कपाटात राहिला तरी मालकी पार्कचीच राहते. पण त्या दांडीवरचे केस कुठल्या फोटोत येणार आहेत? पन्नास वर्षांनी कोणाला डीएनए काढायचा असेल, परागकण बघायचे असतील, पानातलं कार्बन मोजायचं असेल, तर ते फोटोतून कसं निघणार? १८७२ मध्ये एलनबाईंना डीएनए हा शब्द माहीत असणं शक्यच नव्हतं, तरी त्यांच्या काळातल्या झाडांमधून तो आज काढता येतो, कारण झाड आहे.

आणि झाड आहे याच्यामागे कोणीतरी असतं. ईस्टवुडबाई नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या क्युरेटर झाल्या. त्या काळी टाइप नमुने, म्हणजे ज्या नमुन्यावरून जात पहिल्यांदा वर्णन केली तो मूळ नमुना, हे बाकीच्या शीटांमध्येच मिसळून ठेवायचा रिवाज होता. बाईंनी तो मोडून टाइप वेगळे ठेवले. एप्रिल १९०६ च्या भूकंपात इमारतीचा जिना कोसळला, आग जवळ येत होती, आणि त्या कठड्याला धरून सहाव्या मजल्यापर्यंत चढल्या, आणि टाइपचे गठ्ठे दोरीने खाली सोडले. जवळपास १५०० टाइप वाचले. स्वतःच्या घरातलं सामान जळून गेलं. मला कोणी विचारलं की कपाटातल्या वाळक्या काड्यांसाठी एवढं काय, तर मी ही हकीकत सांगते. वेगळे ठेवले नसते तर त्या धावपळीत कुठले उचलायचे हे शोधणार कसं?

रोजच्या पातळीवर हे काम खूप साधं आहे, पण त्यात खंड पडून चालत नाही. बाहेरून येणारी प्रत्येक शीट आधी कित्येक दिवस डीप फ्रीझरमध्ये, किडे मरायला, आणि शेंगवाल्यांना कीड फार लवकर लागते. जुन्या शीटांना कीड लागू नये म्हणून त्या काळी पाऱ्याचं विषारी द्रावण लावायचे, म्हणून ग्लोव्ह्ज घालूनच हात लावायचा. निधी कमी झाला की पहिली कात्री इथेच लागते, आणि युनिव्हर्सिटीला जागा हवी झाली की हर्बेरियमची कपाटं कुठेतरी हलवा म्हणतात. मला याचा मनापासून राग येतो.

परत ठिपक्यांवर येते, म्हणजे ठिपके नाहीत त्या जागांवर. मोकळी जागा बघितली की मी आता तीन-चार गोष्टी विचारते. तिथे कोणी गेलं होतं का, आणि गेलं होतं तर कुठल्या महिन्यात, कारण जुलैमध्ये गेलेल्याला हा वाटाणा दिसणारच नव्हता. तिथे परवानगी कोणाची लागते? नाव्हाहो नेशनच्या जमिनीवर गोळा करायला त्यांची स्वतःची वेगळी परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे, जमीन त्यांची आहे, पण नकाशा वाचणाऱ्याने ती सीमा ध्यानात ठेवायला हवी, झाडाला ती सीमा माहीत नसते. ठिपका मुद्दाम लपवलाय का? दुर्मिळ जातींच्या नेमक्या जागा पोर्टल सगळ्यांना दाखवत नाही, चोरी होते म्हणून. आणि ती जागा आता आहे का?

हा शेवटचा प्रश्न ग्लेन कॅनियनसाठी. तिथे धरण बांधायचं ठरल्यावर १९५० च्या दशकाच्या शेवटी यूटा युनिव्हर्सिटीचे अँगस वुडबरी, सेव्हिल फ्लॉवर्स वगैरे मंडळी पाणी यायच्या आत त्या खोऱ्यातली झाडं, प्राणी नोंदवायला उतरली, वनस्पतींचा अहवाल १९५९ मध्ये आला. १९६३ मध्ये धरणाची दारं बंद झाली, लेक पॉवेल भरायला १९८० उजाडलं, १८६ मैल लांबीचं पाणी, आणि कितीतरी बाजूची कॅनियन्स खाली गेली. म्हणजे त्या लेबलांवरच्या जागा पुढची कित्येक दशकं पाण्याखाली होत्या. मग २०२१ पासून पाणी इतकं उतरलं, २०२३ च्या सुरुवातीला तर क्षमतेच्या चौथ्या हिश्शाच्याही खाली, की त्यातली बरीच कॅनियन्स परत उघडी पडली आणि गाळावर झाडं यायला लागली. आता तिथे जे येतंय ते पूर्वीचंच परतलंय की नवीन तण घुसलंय हे ठरवायला कोणाकडे काय आहे? ती पाणी यायच्या आधीची शीटं. झाड हातात घेऊन तपासता येईल असं दुसरं काहीही नाही. त्या वेळी कोणी म्हणालं असतं की बुडणाऱ्या जागेतली साधी, जिथेतिथे दिसणारी झाडं कशाला वाळवता, तर ते तेव्हा पटण्यासारखंच वाटलं असतं. म्हणूनच साध्या, नेहमीच्या झाडांची शीटं दर काही वर्षांनी प्रत्येक भागातून येत राहायला हवीत असं मी प्रत्येकाला सांगते, दुर्मिळ झाडांकडे सगळ्यांचं लक्ष असतंच.

तुमच्यापैकी जे एप्रिल-मे मध्ये झायनला, कॅनॅबला, एस्कलांटेला जाणार असतील त्यांच्यासाठी. हा वाटाणा दिसला तर तोडू नका, पण फोटो काढताना नुसतं फूल समोरून काढू नका, तो फोटो सगळ्यांकडे असतो. फुलाच्या मागचा हिरवा पेला बाजूने घ्या, त्याचे दात किती आखूड आहेत ते दिसलं पाहिजे. पानाच्या टोकाचा ताणा घ्या, तो साधाच आहे की कशाला तरी गुंडाळलाय. पानाची मागची बाजू, लव दिसेल इतक्या जवळून. शेंग असेल तर शेंग. एक फोटो लांबून, आजूबाजूचा दगड आणि झाडी कळेल असा, आणि आपण कॅनियनच्या तळाला आहोत की वर पठारावर ते दोन शब्दांत लिहा, कारण अरुंद कॅनियनमध्ये फोनचं जीपीएस भिंतीमुळे हमखास भरकटतं. चालताना वाळूवरच्या त्या काळपट खडबडीत पापुद्र्यावर पाय देऊ नका, ती जिवंत माती आहे, पुन्हा तयार व्हायला वर्षानुवर्षं लागतात. आणि घरी बसून काही करावंसं वाटत असेल तर अनेक हर्बेरियम लेबल टाइप करायचं काम ऑनलाइन देतात, शीटचा फोटो समोर येतो, वाचायचं आणि रकाने भरायचे. जुनं इंग्रजी वळणदार अक्षर लावता येत असेल तर फारच उत्तम, अशी शीटं सगळ्यात मागे पडून आहेत.